कांदा उघड्यावर असताना

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या यात्रा समितीचे आधारस्तंभ आदरणीय दादाभाऊ. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. बँडमधल्या जानकूच्या मातोश्री, डोंगरातून दोन एस.टी. बदलून आलेल्या साळुबाई. पिंपळवंडीच्या सुप्रसिद्ध बेंजो पार्टीचे मालक गेणभाऊ. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते ‘थ्री फेज’ बँडचे चारही कलाकार. समोर बसलेल्या माता-भगिनी. कॉलेजचे तरुण मित्र. आणि खिडकीजवळच्या खुर्च्या धरून बसलेले माझे शेतकरी बांधव, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

या मंगल कार्यालयात खिडकीकडं एवढी गर्दी मी पहिल्यांदाच पाहतोय. पंखे या बाजूला आहेत, सरबत या बाजूला आहे, तरी माणसं तिकडं. कारण मला ठाऊक आहे. मीही इथून तीच खिडकी बघतोय.

मी चांगदेव. राजुरीत कुणाचा निरोप असो, सत्कार असो, एकसष्टी असो, माईक फिरत फिरत माझ्याकडंच येतो. बदली झालेल्या गुरुजींना मी निरोप दिलाय, निवृत्त पोस्टमनना दिलाय, आपल्या जुन्या ग्रामसेवकांना तर दोनदा दिलाय, कारण पहिल्या वेळी भाषण झाल्यावर त्यांची बदली रद्द झाली. पण आज ज्यांना निरोप द्यायचा, त्यांत माझी मुलगी आहे. ती मधल्या खुर्चीवर बसलेली आरती. त्यामुळं शब्द नेहमीसारखे वेळेवर हजर होतील याची खात्री देत नाही.

समितीनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक काम दिलंय. काम कोणतं, हे गावाला माहीत आहे. पण बाहेरगावचे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आपण आजची निमंत्रण पत्रिका पाहिली असेल. जिथं एरवी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात, तिथं बारीक अक्षरांत एक ओळ आहे. ‘सदर कार्यक्रमात “ते” गाणे सादर होणार नाही, याची शेतकरी बांधवांनी नोंद घ्यावी.’ ओळ मीच लिहिलेली आहे. गावात अशा ओळी मीच लिहितो. आणि आज व्यासपीठावरून तीच गोष्ट पुन्हा एकदा, पोरांच्या देखत आणि सगळ्यांच्या साक्षीनं जाहीर करायची, एवढं माझं काम.

पाहुण्यांना वाटलं असेल, हे कसलं गाव? बँडचा सत्कार करतं, शाल-श्रीफळ देतं, आणि ज्या गाण्यानं त्यांचं नाव झालं तेच म्हणू देत नाही? त्याचं असं आहे, पाहुणं, की कांदा शेतात आहे. आमचा बहुतेक सगळा उन्हाळी कांदा काढून झालाय आणि आपल्याच पातीखाली वाळत पडलाय. अजून थोडं ऊन मिळालं की पात कापायची आणि कांदा बराखीत, म्हणजे आमच्या साठवणीच्या चाळीत, भरायचा. या मधल्या दिवसांत पाणी लागलं तर कांदा वरून चांगला दिसतो, आणि बराखीत गेल्यावर आतून सडतो. शेजारच्या चांगल्या कांद्यालाही सोबत घेऊन जातो. माझा स्वतःचा सगळा कांदा या क्षणी उघड्यावर आहे. आणि ‘ते’ गाणं म्हटलं की पाऊस येतो, अशी आपल्याकडं समजूत आहे. समजूत म्हणतो, कारण हातात माईक आहे. घरी मीही तिला समजूत म्हणत नाही.

सावळाराम, बसा हो. आत्ताच तर बाहेर जाऊन आलात. काय? आळेफाट्याच्या अंगानं काळं दिसतंय? बरं. असू द्या. बसा.

आणखी एक खुलासा. आमच्या सौभाग्यवती उज्ज्वला अजून आलेल्या नाहीत. त्या ताडपत्री घेऊन शेतात गेल्यात. जाताना मला बजावून गेल्यात, “मी येईस्तवर तुमी माईक सोडू नका.” तेव्हा दादाभाऊ, दहा मिनिटांचं थोडं मागं-पुढं झालं तर घरची अडचण समजून घ्यावी.

तर आता मूळ विषय. हा बँड जन्मला कुठं? पिंपळवंडीत, गेणभाऊंच्या बेंजो पार्टीत. इथल्या निम्म्या लोकांच्या वराती गेणभाऊंनी वाजवल्यात. त्यांचा मुलगा गोरख ताशा-ड्रम वाजवायचा, आणि त्याचा वर्गमित्र स्वराज बेंजो. स्वराजचे हात फार जोरात चालायचे. नवरदेव मारुतीच्या पारापर्यंत पोचायच्या आत याची चार गाणी संपलेली असायची. गेणभाऊ मागून ओरडायचे, “आरं, सावकाश, घोडं पळतंय.” आमच्या आरतीची आणि त्यांची ओळख जुन्नरला कॉलेजात झाली. हिनं गॅदरिंगला गाणं म्हटलं, मागं वाजवायला हे दोघं. आणि चौथा जानकू. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. शिकायला जुन्नरच्या वसतिगृहात होता. त्याला वाद्य कुठलंच येत नव्हतं. चार तारांचं बेस गिटार कुणी वाजवायला तयार नव्हतं, कारण त्याचा आवाज लांब उभ्या माणसाला ऐकू येत नाही, नुसता छातीत कळतो. जानकू म्हणाला, “मला द्या.” त्या वर्षभरात तो याहून जास्त काही बोलल्याचं मला आठवत नाही.

सरावाला जागा नव्हती. वसतिगृहात शक्य नाही, पिंपळवंडीत गेणभाऊंच्या घरी लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला माणसं यायची. शेवटी आरती मला म्हणाली, “आप्पा, आपली बराख रिकामीच आहे ना?” कांदा विकून झाला की पुढचा कांदा येईपर्यंत बराख रिकामीच असते. मी हो म्हणालो. म्हणजे लगेच नाही. आधी मला घोर लागला. मला घोर लागायला फारसं कारण लागत नाही, हे आपण जाणताच. फटीफटीच्या भिंती, आवाज सगळ्या शिवारात जाणार, लोक काय म्हणतील? वायर उघडी राहिली तर? शेजारी ऊस, उसात बिबट्या, मुलं परत कशी येणार? पण हो म्हणालो.

शेतावरची लाइन म्हणजे थ्री फेज आली की लाइट, गेली की अंधार. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची. लाइट आली की मी मोटर सुरू करायला धावायचो आणि ही चौघं वाजवायला धावायची. मोटरीच्या आवाजातच सूर लावायचे. बँडचं नाव तिथंच पडलं. आता मुंबईत कुणी मुलाखतीत विचारलं की स्वराज त्याचा काहीतरी खोल अर्थ सांगतो. ऐकायला छान वाटतं. अर्थ मोटरीचा आहे.

स्पीकर गेणभाऊंचा. वरातीतून बाद झालेला, पडदा फाटलेला. स्वराजनं बेंजो सोडून धरलेलं गिटार त्यातून वाजवलं की असा खरखरून, चिरकत आवाज यायचा. गेणभाऊ एकदा बघायला आले आणि कानावर हात ठेवून म्हणाले, “लाज आणू नका राव, उद्या दुरुस्त करून देतो.” स्वराज स्पीकरच्या पुढं आडवा उभा राहिला. म्हणाला, “काका, हात लावू नका, हाच आवाज पाह्यजे.” गेणभाऊ, तुम्ही तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरांचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी तुम्हाला धीर दिला होता. मला कुणी दिला नव्हता.

या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. मी स्वराजला विचारलं, म्हणजे नेमकं काय रे? तो म्हणाला, “आप्पा, जे लग्नात वाजवता येत नाय ते.” ही व्याख्या मला पटली. कारण सुरुवातीची दोन वर्षं त्यांना कुणी कुठं वाजवू दिलंच नाही. एका साखरपुड्यात वाजवलं, तर जेवणाची पंगत अर्धी असताना यजमानांनी हात जोडले. तेव्हा त्यांना वाटायचं, मोठ्यानं वाजवलं की ऐकू जातं. सगळंच मोठ्यानं. आरती तर अशी गायची की मला घरात पाणी प्यायला सुचायचं नाही. मी उज्ज्वलाला म्हणायचो, हिचा गळा जाईल. ती म्हणायची, “गळा तिचा, घोर तुमाला.”

मग शेळीचं गाणं आलं. ते आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये आहे. आमच्या बराखीला लागून जो ऊस होता, त्यात बिबट्या दिसला आणि वनखात्यानं बांधाला पिंजरा लावला. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात आमिष म्हणून शेळी. वनखात्याची माणसं म्हणाली, तुमचा हा आवाज चालू राहिला तर बिबट्या येणार नाही, बंद करा. शेजारी म्हणाले, “आवाजानं येणार नसंल तर वाजवतच ऱ्हावा की राव.” हा वाद माझ्या बांधावर बरेच दिवस चालला. शेवटी सराव बंद झाला. चौघं बराखीत नुसती बसून राहायची, आणि बाहेर शेळी ओरडायची. थोडं थांबायची, पुन्हा ओरडायची. गोरख मांडीवर बोटं वाजवायला लागला. त्याला त्या ओरडण्यातली थांबायची जागा सापडली होती. आणि आरतीनं शेळीच्या तोंडचं गाणं लिहिलं. ‘कुलूप माझ्यासाठी नाही, तरी आत मीच आहे.’

जुन्नरला हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पोरं आधी हसली. शेळीचं गाणं म्हटल्यावर कोण हसणार नाही? पण दुसऱ्या कडव्याला हसणं कमी झालं, शेवटी थांबलंच. मी मागच्या रांगेत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीनं डोळे पुसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही मुलं नुसता गोंगाट करत नाहीत. शेळीला, सांगायला आनंद वाटतो, काही झालं नाही. बिबट्या आलाच नाही. पुढं पुण्याहून बोलावणं आलं, मग मुंबईहून.

दादाभाऊ घड्याळ बघतायत. होय दादाभाऊ, येतोच. पण पत्रा वाजतोय, तो वाऱ्यानं का आणखी कशानं, एवढं जरा कुणी बघून या. नको सावळाराम, तुम्ही नको, दुसरं कुणीतरी.

वाराच आहे. बरं.

आता ‘त्या’ गाण्याबद्दल सांगावं लागेल. त्याचं नाव मी घेत नाही आणि ओळी म्हणत नाही. का घेत नाही ते तुम्हालाही माहीत आहे.

जानकू दरवर्षी भाताच्या आवणीला घरी जायचा. आवणी म्हणजे चिखलात रोपं लावायची. एका वर्षी त्यानं तिघांनाही नेलं. तुम्हाला माहीत आहे, आवणी करताना माणूस वाकून मागं मागं सरकतो. स्वराजला आयुष्यात मागं सरकायची सवय नव्हती, तो दोनदा चिखलात बसला. आरती रांगेत सारखी मागं पडायची. रांगेच्या कडेला या साळुबाई होत्या. त्या गात होत्या आणि बाकीच्या बाया उचलून धरत होत्या. त्या आरतीला म्हणाल्या, “पोरी, हाताच्या मागं धावू नको. गाण्याच्या मागं ये, म्हंजी कंबर दुखायची न्हाय.” त्यांच्या त्या गाण्यात पावसाला हाक आहे. रोपं लावून झाली आणि वरून पाणी आलं नाही तर सगळे कष्ट वाया, म्हणून हाक.

परत आल्यावर कितीतरी दिवस बराखीत कुणी मोठ्यानं वाजवलं नाही. मग एके दुपारी जानकूनं बेसवर चार स्वर धरले. नुसते चार, फिरून फिरून. आणि आरतीनं साळुबाईंचं गाणं सुरू केलं, अगदी हळू. गोरखनं काठ्या खाली ठेवल्या. आणि ज्या स्वराजमुळं नवरदेवाचं घोडं पळायचं, त्या स्वराजनं सबंध गाण्यात गिटारला तीन-चार वेळा हात लावला. मी मोटर बंद करायला आलो होतो, तो तिथंच उभा राहिलो. फाटक्या स्पीकरमधून इतका हळू आवाज कसा निघतो, मला अजून कळलेलं नाही. आधी ही मुलं वाजवत होती. त्या दिवशी ती ऐकायला शिकली, असं मला वाटतं.

गाणं लोकांपुढं म्हणण्याआधी आरती साळुबाईंची परवानगी घ्यायला वाडीवर गेली. साळुबाई म्हणाल्या, “म्हना की. माझ्या एकटीचं हाय का ते? पन पाय चिखलात हाय असं समजून म्हना.” म्हणून ते गाणं म्हणताना ही अनवाणी असते. कुठंही असो, फरशी असो, सतरंजी असो, आधी चपला काढते. आज बघा, तिनं चपला घातल्यात. गावाच्या शब्दाला मान दिलाय तिनं.

ते गाणं गाजलं. देशभर ऐकलं गेलं. आणि आपल्याकडं काय झालं? पिंपळवंडीच्या यात्रेत म्हटलं, संध्याकाळी गारपीट झाली. काढणीला आलेली द्राक्षं गेली. पुढच्या वर्षी इथं राजुरीत, याच कार्यालयाच्या मागच्या मैदानात म्हटलं, आणि रामनवमीच्या आदल्या दिवशी उघडा कांदा भिजला. तिसऱ्यांदा घोडेगावला म्हटलं, तेव्हा नुसतं आभाळ आलं. थेंब पडला नाही, पण आपण तेही हिशेबात धरलं. आता कुणी म्हणेल, पुण्यात हे गाणं कितीदा तरी झालं, तिथं पाऊस आला नाही, त्याचं काय? मी हाच मुद्दा समितीपुढं मांडला होता. त्यावर मला उत्तर मिळालं, “पुण्यात कांदा कुठं उघड्यावर असतो?” या युक्तिवादापुढं माझी बी.ए. ची पदवी काही कामाला आली नाही.

समितीच्या बैठकीत सावळाराम जे बोलले ते वाईट मनानं बोलले नव्हते. ते म्हणाले, “पोरीचं कवतिक हाय, लई हाय. पन कांदा भिजला तर ते कवतिक कशात भरून ठिवायचं?” मीच म्हणालो, तुम्ही काळजी करू नका, मी आरतीला सांगतो. बापानं सांगितलेलं ती ऐकेल. ओळ लिहिली, छापून आणली, पत्रिका वाटल्या. आणि तिला सांगायचं मात्र रोज उद्यावर ढकलत राहिलो.

आज सकाळी सांगितलं. ती बराख झाडत होती. मंगळवारी ही चौघं मुंबईला निघणार. तिथं अल्बमचं काम, मग वर्षभर गावोगावचे कार्यक्रम. म्हणून त्यांचं सामान काढून कांद्याला जागा करत होती. फाटका स्पीकर दाराशी आणून ठेवला होता. मी म्हणालो, बाळ, तेवढं एक गाणं आज सोड. वाद घालेल असं वाटलं होतं. घातला नाही. केरसुणी खाली ठेवली आणि म्हणाली, “बरं, आप्पा. तुम्ही म्हणाल तसं. फक्त यानंतर मला इथं गायला बोलावू नका. मुलगी म्हणून येत जाईन.”

‘मुलगी म्हणून येत जाईन.’ मंडळी, मी इतक्या लोकांना निरोप दिले, प्रत्येकाला म्हणालो, गाव तुमचंच आहे, पुन्हा या. हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे. ती तसं बोलल्यापासून ते माझ्या तोंडून निघेना. सकाळपासून मला दोन घोर लागलेत. कांदा भिजेल हा एक. आणि ही परत येईल पण गाणं बाहेर ठेवून येईल, हा दुसरा. पहिल्या घोराला निदान ताडपत्री आहे.

जेवण झाल्यावर मी साळुबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, मावशी, खरं सांगा, तुमच्या गाण्यानं पाऊस येतो का? त्या म्हणाल्या, “पावणं, गाण्यानं पाऊस आला असता तर आमच्या वाडीला चैतात टँकर कशाला लागला असता? आमी गात न्हाय व्हय?”

पावसाळ्यात ज्यांच्या दारातून पाण्याचे लोट वाहतात, त्यांच्याच हंड्यात आत्ता पाणी नाही, आणि आम्ही त्यांच्या गाण्याला भितोय. पण हे ऐकून मी निर्धास्त झालो, असं म्हणालो तर ते खोटं होईल. डोक्याला पटलं, छातीला नाही. जेवल्यावर मी चार वेळा आभाळ बघून आलो. आत्ताही बोलताना माझं निम्मं लक्ष पत्र्याकडं आहे. तुमचंही आहे. मी तुम्हाला हसत नाही, मी तुमच्यातलाच आहे.

तो मागचा दरवाजा जरा उघडा ठेवा. आल्या. आमच्या सौभाग्यवती आल्या. जरा वाट द्या त्यांना. या पुढं. पायाला माती तशीच आहे, असू द्या, या. मंडळी, एक घरगुती प्रश्न व्यासपीठावरून विचारतो, क्षमा असावी. किती झाकला गं?

ऐकलंत का सगळ्यांनी? मागं ऐकू गेलं नसेल तर मी सांगतो. ती म्हणतेय, “निम्मा झाकलाय. ताडपत्री तेवढीच व्हती. बाकीचा आरतीच्या नावानं सोडलाय.”

एक पत्रिका द्या बरं इकडं कुणीतरी.

हां. दादाभाऊ, या पत्रिकेवरची तळाची ओळ मी लिहिली होती. ती मी मागं घेतो. आपण अध्यक्ष आहात, आपली परवानगी हवी. दादाभाऊ मान हलवतायत. होय म्हणून की नाही म्हणून ते इथून नीट दिसत नाही. मी होय धरतो.

बांधवांनो, तुमचा कांदा माझ्या हाती नाही. तो मी कुणाच्या नावानं सोडू शकत नाही. ज्यांना आत्ता उठून झाकायला जायचंय त्यांनी खुशाल जावं, कुणी राग मानणार नाही. पोरं थांबतील. तुम्ही परत येईपर्यंत मी बोलत राहीन, ते मला जमतं.

कुणी उठत नाही? सावळाराम, तुम्ही उठलात. जा, बिनधास्त जा. तुमचा कांदा रस्त्याकडंलाच आहे.

बाहेर नाही गेले. सावळारामांनी खिडकी लावून घेतली. काय म्हणालात? “दिसलं तर जीव वरखाली व्हतो, त्यापरीस लावलेली बरी.” आभारी आहे, सावळाराम. त्या बाजूच्या बाकीच्याही लावून घ्या.

आता समारोप करतो. दादाभाऊंनी हा सोहळा घडवून आणला, त्यांचे आभार. गेणभाऊ, तुम्ही तो स्पीकर दुरुस्त केला नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. साळुबाई, तुमच्या रांगेत माझ्या मुलीला उभं केलंत, तुमचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही, तेवढं येत नाही. स्वराज, गोरख, जानकू, एकमेकांना सांभाळा. आरती, बराख यंदा मी भरीन, पण कोपऱ्यातली तुमची जागा सोडून भरीन. स्पीकर परत आत ठेवलाय. गाव तुझंच आहे, पुन्हा ये. गायला ये.

तिनं चपला काढल्या. म्हणजे मला थांबायला हवं.

माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि यानंतर आभाळात काही कमी-जास्त झालं, तर ते माझ्या नावावर मांडा. पोरांच्या नाही. आता ती ओळ मीच म्हणतो, म्हणजे सुरुवात माझ्याकडून झाली असं होईल.

‘डोंगरावरल्या काळ्या, उतर बांधाच्या कडंनं,
रोप माजं उभं ऱ्हाईना तुज्याबिगर.’

गाण्याचं नाव ‘आवणी’. जानकू, धर स्वर.